'ब्रेक' : एक उच्चार, अनेक अर्थ



अर्थविचाराच्या अभ्यासासाठी दुर्मीळ शब्दच घ्यावे लागतात असे नाही. रोजच्या वापरातील एखादा शब्दही त्यासाठी पुरेसा असतो. हिंगोलीहून नरसी नामदेवला निघालेल्या एस.टी.चा चालक ब्रेक दाबतो आणि गाडी थांबते. त्याच गाडीतील प्रवासी 'नोकरभरतीला ब्रेक लागला', 'परीक्षेनंतर ब्रेक घेऊ', 'त्याला नाटकात ब्रेक मिळाला' असेही बोलतात. या सर्व वाक्यांत शब्द एकच आहे काय? आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही? या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करणार आहोत.

१. दोन शब्द, एक रूप

वाहन थांबवण्याच्या साधनाचे नाव इंग्रजीत बी-आर-ए-के-ई असे लिहितात. मोडणे, खंड, विश्रांती, संधी हे अर्थ असणारा शब्द बी-आर-ई-ए-के असा लिहितात. लेखन भिन्न असले तरी उच्चार सारखाच आहे. अशा शब्दांना समोच्चारी शब्द म्हणतात. देवनागरीत आपण परभाषेतील शब्द उच्चारानुसार लिहितो. त्यामुळे मराठीत येताना लेखनातील हा भेद गळून पडला आणि दोन्ही शब्द 'ब्रेक' झाले. उच्चार व लेखन दोन्ही सारखे असणारे हे शब्द मराठीपुरते समरूपी ठरतात.

'खर्चाला ब्रेक लावा' या वाक्याचा प्रकार मात्र वेगळा आहे. येथे वाहनाचा ब्रेकच लक्षणेने खर्चाला लागू झाला आहे. एकाच शब्दाच्या अर्थाचा असा विस्तार होतो, तेव्हा त्यास अनेकार्थता म्हणतात. समरूपता आणि अनेकार्थता यांतील हा फरक ध्यानात ठेवावा.

२. अर्थ ठरवणारे क्रियापद

लेखनातील भेद नाहीसा झाला, तरी मराठीने तो दुसऱ्या मार्गाने राखला आहे. पुढील प्रयोग पाहा :

ब्रेक दाबणे, मारणे – वाहन थांबवणे
(कशाला तरी) ब्रेक लावणे – आवर घालणे
(कशाला तरी) ब्रेक लागणे – काम अडणे
ब्रेक घेणे – विश्रांती घेणे
ब्रेक मिळणे – संधी लाभणे

नाम तेच असूनही क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. 'ब्रेकवर पाय ठेव' आणि 'ब्रेकमध्ये चहा घेऊ' या वाक्यांत तर केवळ 'वर' आणि 'मध्ये' यांनीच अर्थ स्पष्ट होतो. शब्द परका असला, तरी त्याचा अर्थ लावणारी व्यवस्था मराठीचीच आहे.

३. पूर्वीचे शब्द

यंत्रावर चालणारी वाहने येण्यापूर्वी आवर घालण्याची कल्पना मराठीने जनावरांवरून घेतली होती. घोड्याला लगाम असतो आणि बैलाला वेसण. त्यांवरून 'जिभेला लगाम घालणे', 'उधळपट्टीला वेसण घालणे' हे प्रयोग रूढ झाले. यांपैकी 'लगाम' हा शब्द फारसीतून आलेला आहे. म्हणजे वाहतुकीची साधने बदलतात, त्यांबरोबर रूपकेही बदलतात आणि उसने शब्द कालांतराने घरचे होतात.

थांबण्याच्या निरनिराळ्या छटांसाठीही मराठीत शब्द आहेत. नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. तेथील वारकऱ्याला पंढरीच्या वाटेवरील 'विसावा' आणि 'मुक्काम' यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. थोडा वेळ टेकणे हा विसावा. रात्रीची वस्ती हा मुक्काम. 'मुक्काम' हा शब्दही मूळचा अरबी आहे.

४. क्रियापद अपुरे पडते तेव्हा

आता ही दोन वाक्ये वाचा : 'दिग्दर्शकाने तिला ब्रेक दिला.' 'कार्यालयाने तिला दोन दिवसांचा ब्रेक दिला.' क्रियापद एकच आहे. पहिल्या वाक्यात संधी आहे. दुसऱ्या वाक्यातील 'ती' कंत्राटी कर्मचारी असेल, तर तेथे नियुक्ती तोडली गेली आहे. पुढे सलग सेवा मोजताना हेच दोन दिवस आडवे येऊ शकतात. मात्र ती कायम सेवेत असेल, तर हीच विश्रांती ठरेल. येथे अर्थ केवळ संदर्भानेच कळतो.

बोलण्यात असा संदर्भ हाताशी असतो. अर्जात किंवा आदेशात तो असेलच असे नाही. म्हणून तेथे 'ब्रेक' न लिहिता 'सेवाखंड', 'रजा', 'स्थगिती', 'मध्यंतर' यांपैकी नेमका शब्द योजावा. 'कामाला ब्रेक' असे वाचले, की काम तात्पुरते थांबले आहे की कायमचे बंद झाले आहे, हे विचारावे. परका शब्द वापरण्यात दोष नाही. मात्र ज्या शब्दावर कोणाची उपजीविका अवलंबून आहे, त्याचा अर्थ संदिग्ध राहता कामा नये.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. समरूपता आणि अनेकार्थता यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. आठवडाभराच्या वृत्तपत्रांतून 'ब्रेक' शब्द असलेले पाच मथळे जमवा. प्रत्येकासाठी नेमका मराठी पर्याय सुचवा आणि पर्यायामुळे अर्थात काय बदलते ते लिहा.
३. 'लाइन' किंवा 'चार्ज' या शब्दाचे प्रयोग वरीलप्रमाणे क्रियापदांनुसार मांडा.