वडिलांचं घर विकताय? बहिणींच्या सह्या लागणारच!

वडील गेले आणि नमुना ८ ला थोरल्या भावाचं नाव लागलं, म्हणून तो एकटा घर विकू शकतो का? नाही. नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

वडिलांनी स्वतः बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा. आजी हयात असेल तर तिलाही. वडिलोपार्जित घरातही २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाएवढाच, लग्न झालेलं असलं तरी.

आधी मृत्यूचा दाखला देऊन ग्रामपंचायतीत सगळ्या वारसांची नोंद करा. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. कुणाला हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. नुसती नोटरी चालत नाही. सही करण्याआधी बहिणीला कागद वाचून दाखवा, हिशोब सांगा.

एखादा भाऊ अडून बसला तर? बाकीच्यांना फक्त आपापला हिस्सा विकता येतो. वारशाच्या घरात तो विकत घेण्याचा पहिला मान इतर वारसांचा. तरीही जमलं नाही तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. त्यात वर्षं जातात. म्हणून गिऱ्हाईकाकडून इसार घेण्याआधीच घरात एकदा बसा.