धूर सांगेल तें ऐकावें

धुरावरून अग्नीचें अनुमान करावें असें न्यायशास्त्र शिकवितें. डिझेल-एंजिनांत मात्र पांढरा धूर अग्नीचा अभाव दाखवितो. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं सिद्ध केलेल्या या एंजिनास ठिणगी लागत नाहीं. दाबानें ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापलेल्या हवेंत तेल आपोआप पेटतें. म्हणून मालमोटारीचें एंजिन स्टार्टरनें फिरतें पण सुरू होत नाहीं, तेव्हां आम्ही म्हणतों, आधीं धूर पाहावा. धूर मुळींच नसल्यास तेल पोंचत नाहीं. टांकी, गाळणी, नळींत शिरलेली हवा, तेल बंद करणारी झडप तपासावी. पांढरा धूर असल्यास तेल पोंचतें, पण पेटत नाहीं. बॅटरी क्षीण, थंडी कडक किंवा दाब अपुरा असावा. घाटांत अडकलेल्या चालकाची बॅटरी हीच शेवटची पुंजी. विचार न करतां स्टार्टर फिरवून ती उधळूं नये.