सीआरपी ८० आलाय, मग घरी जाऊ की ॲडमिट होऊ?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला मी बाबांना घेऊन कॅज्युअल्टीत बसलो होतो. ताप १०२, खोकला, हुडहुडी. रिपोर्टमध्ये सीआरपी ८०. नॉर्मल ५ च्या आत. मी लगेच म्हटलं, "मॅडम, म्हणजे ॲडमिट करावं लागणार ना?" डॉक्टर म्हणाल्या, "सीआरपी सांगतं की आत आग लागलीय. घर पडेल का, ते नाही सांगत."

मी सर्व्हर सांभाळणारा माणूस. मला हे पटकन कळलं. सर्व्हरवर आत्ता लोड आहे हे एक, आणि तो पहाटे तीनला बंद पडेल का हे वेगळंच. घरी पाठवायचं की नाही, हा दुसरा प्रश्न आहे.

आता रक्तातले आकडे बघू. सीआरपी लिव्हर बनवतं. इन्फेक्शननंतर ते वाढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर साधारण दोन दिवसांनी येतं. म्हणून ताप येऊन चारच तास झाले असतील, तर नॉर्मल सीआरपीवर निश्चिंत होऊ नका. प्रोकॅल्सिटोनिन त्याआधी वाढतं, आणि बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये जास्त. लॅक्टेट वाढलं, तर शरीराच्या पेशींना पुरेसं रक्त किंवा ऑक्सिजन पोचत नसेल अशी शंका येते.

'पुढे काय होईल' या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक मार्कर म्हणजे एमआर-प्रोएडीएम. ॲड्रेनोमेड्युलिन हे हार्मोन जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये शोधलं. ते रक्तवाहिन्या रुंदावतं, त्यांच्या भिंती गळू नयेत म्हणून धडपडतं. पण रक्तात ते फार टिकत नाही. म्हणून त्याच्यासोबत तयार होणारा टिकाऊ तुकडा मोजतात. युरोपातल्या अभ्यासांत ०.८८ च्या आसपासची रेषा वापरली गेली: आकडा त्याखाली असेल, तर तब्येत बिघडण्याची शक्यता कमी.

कमी म्हणजे शून्य नव्हे. रेषा कुठेही आखा, चूक दोन प्रकारची होणार. बरा होणारा माणूस उगाच ॲडमिट झाला, तर खर्च होतो, बेड अडतो, वर हॉस्पिटलमधलं इन्फेक्शन लागू शकतं. पण बिघडणारा माणूस घरी गेला, तर जीवावर बेततं. दुसरी चूक महाग, म्हणून रेषा मुद्दाम खाली ठेवतात. शिवाय हार्ट किंवा किडनीचा आजार असेल, तर हा आकडा इन्फेक्शन नसतानाही वाढलेला असतो.

बाबांची ही टेस्ट झाली नव्हती. डॉक्टरांनी श्वास मोजले, ऑक्सिजन, बीपी आणि लॅक्टेट बघितलं, एक्स-रे काढला. मग आईला विचारलं, "पाणी पितात का? रात्री जवळ कोण असतं? इथे यायला किती वेळ लागतो?" चार तास थांबवून, सगळं परत तपासून घरी सोडलं. कागदावर लिहून दिलं: दम लागला, असंबद्ध बोलायला लागले, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर लगेच परत या.

तो कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला. बाबा पाच दिवसांत बरे झाले.

तेव्हा मंडळी, रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकून "नॉर्मल आहे का?" विचारण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा: "घरी गेल्यावर काय दिसलं तर परत यायचं?" उत्तर लिहून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!