परीक्षेची पायवाट

रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या विद्यार्थिजीवनाचा विषय निघाला की आम्हांस मुरूडच्या धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांचे स्मरण होते. १८५८ साली जन्मलेले अण्णा सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले; आणि वयाची सतरा वर्षे पुरी झालेली दिसत नाहीत, म्हणून त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही! तरीही त्यांनी विद्येची कास सोडली नाही. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. पुढे १९१६ साली त्यांनीच स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले. मुलाचे अथवा मुलीचे एखादे वर्ष हुकले की घरात ‘आता शिक्षण पुरे’ असा सूर निघतो. वडीलधाऱ्यांनी तो काढण्यापूर्वी या तेवीस वर्षांचा हिशेब अवश्य करावा.