कोच ऑफ द इयर? मग नारळ का दिला?

एनबीएतला वर्षातला सर्वोत्तम कोच कसा ठरतो? आणि ज्याचं नाव स्कोअरबोर्डवर कधीच झळकत नाही, त्याचं काम चांगलं की वाईट, हे आपण ओळखायचं कसं?

जून २०१८. एनबीएचा पुरस्कार सोहळा. ‘कोच ऑफ द इयर’ म्हणून नाव पुकारलं गेलं ड्वेन केसी यांचं. टोरांटो रॅप्टर्सला त्यांनी ८२ पैकी ५९ मॅच जिंकून दिल्या होत्या. तोवर टोरांटोनं एका सीझनमध्ये एवढ्या मॅच कधीच जिंकल्या नव्हत्या. म्हणजे पुरस्कार अगदी हक्काचा!

फक्त एक घोळ होता. केसी तेव्हा टोरांटोचे कोच राहिलेलेच नव्हते. मे महिन्यातच टीमनं त्यांना नारळ दिला होता आणि त्यांनी डेट्रॉइट पिस्टन्सची नोकरी धरली होती. म्हणजे पुरस्कार एका टीमसोबत केलेल्या कामाचा, आणि नोकरी दुसरीकडे.

असं कसं झालं? तर साखळी मॅचमध्ये टोरांटो आपल्या विभागात पहिली आली, पण प्लेऑफमध्ये लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडनं तिला ४-० असं घरी पाठवलं. क्लीव्हलंडकडून प्लेऑफमध्ये हरायचं हे सलग तिसरं वर्ष. मालकांचा धीर सुटला.

तुम्हाला वाटेल, हा एखादा अपवाद असेल. तसं नाही. डेन्व्हरच्या जॉर्ज कार्ल यांना २०१३ मध्ये हा पुरस्कार मिळाला आणि साधारण महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. फिनिक्सचे मॉन्टी विल्यम्स २०२२ चे विजेते, २०२३ मध्ये बाहेर. पत्रकार म्हणतात सर्वोत्तम, मालक म्हणतात निघा. मग खरं कोण बोलतंय?

*मतं कोण देतं, कधी देतं?*

उत्तर दडलंय मतदानाच्या पद्धतीत. हा पुरस्कार १९६२-६३ च्या सीझनपासून दिला जातो. ट्रॉफीला नाव आहे बॉस्टन सेल्टिक्सचे दिग्गज कोच रेड ऑरबॅक यांचं. मतदार असतात बास्केटबॉल कव्हर करणारे पत्रकार आणि कॉमेंटेटर, अलीकडच्या काळात साधारण १०० जण. प्रत्येकानं तीन नावं क्रमानं लिहायची. पहिल्या नावाला ५ गुण, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. ज्याची बेरीज जास्त, तो जिंकला. कोणी कुणाला मत दिलं, हेही एनबीए नंतर जाहीर करतं.

आता यातली खरी मेख. ही मतं साखळी मॅच संपल्यावर आणि प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी दिली जातात. म्हणजे ज्या दोन महिन्यांत कोचची खरी कसोटी लागते, एकाच टीमशी सात-सात मॅच खेळताना रोज नवा डाव टाकावा लागतो, ते दोन महिने या पुरस्काराच्या हिशेबातच नाहीत. निकाल जाहीर होतो नंतर, त्यामुळे केसी यांच्यासारखा अवघडलेला प्रसंग येतो. पत्रकार बघतात ८२ मॅच, मालक बघतात प्लेऑफ. दोघं दोन वेगळ्या पेपरांचे मार्क देत असतात!

*९२ टक्केवाला की ४५ वरून ७५ वाला?*

दुसरी गोष्ट आणखी गमतीची. ‘सर्वोत्तम कोच’ म्हणजे काय, याची काटेकोर व्याख्या मतदारांपुढे नसते. मग ते काय करतात? सीझन सुरू व्हायच्या आधी या टीमबद्दल काय अंदाज होता आणि प्रत्यक्षात काय झालं, यातलं अंतर बघतात. थोडक्यात, पुरस्कार मिळतो तो ‘अरे, हे कसं काय जमवलं?’ या प्रश्नाला.

तुमच्या वर्गाचंच घ्या. एक पोरगी दर सेमिस्टरला ९२ टक्के काढते. एक पोरगा ४५ वरून ७५ वर येतो. टाळ्या कुणाला जास्त पडतात? पोराला. त्यात चूक काहीच नाही. पण म्हणून तो वर्गात पहिला आला, असं आपण म्हणत नाही.

२००० सालचे विजेते डॉक रिव्हर्स बघा. कोच म्हणून पहिलंच वर्ष, ऑर्लॅंडोची टीम नावाजलेल्या स्टार्सविना उभी केलेली. ४१ मॅच जिंकल्या, ४१ हरले, प्लेऑफसुद्धा गाठता आली नाही. तरी पुरस्कार त्यांनाच, कारण ही टीम सपशेल बुडणार असंच सगळे धरून चालले होते.

२०२३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या माइक ब्राउन यांना तर १०० पैकी १०० मतदारांनी पहिला क्रमांक दिला. असं एकमत या पुरस्काराच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं. ही तीच टीम, जिचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले आणि जी २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन मॅच खेळून गेली. सॅक्रामेंटोनं १६ वर्षं प्लेऑफ बघितलीच नव्हती, ब्राउन यांनी ती दाखवली. पुढे? डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही नारळ.

आता उलट बाजू. २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीची तरुण टीम ५७ मॅच जिंकली, पुरस्कार त्यांच्या मार्क डेग्नॉल्ट यांना. पुढच्या वर्षी तीच टीम ६८ मॅच जिंकली आणि चॅम्पियनही झाली. पण त्या वर्षीचा पुरस्कार गेला क्लीव्हलंडच्या केनी अ‍ॅटकिन्सन यांना, कारण त्यांनी टीमला ४८ विजयांवरून ६४ वर नेलं होतं. ओक्लाहोमाचं जिंकणं आता कुणाला नवल वाटण्यासारखं राहिलं नव्हतं.

*मोठेपणाचा तोटा*

म्हणूनच या पुरस्काराच्या यादीत काही नावं शोधायला गेलात तर धक्का बसेल. फिल जॅक्सन यांच्याकडे कोच म्हणून ११ विजेतेपदं. पुरस्कार किती? एक. तोही १९९६ मध्ये, शिकागो बुल्सनं ७२ मॅच जिंकल्या तेव्हा. ज्यांच्या नावाची ट्रॉफी आहे त्या ऑरबॅक यांनी पुरस्कार सुरू झाल्यावर सलग चार वर्षं बॉस्टनला चॅम्पियन केलं, पण पुरस्कार मिळाला एकदाच, १९६५ मध्ये. जेरी स्लोन यांनी यूटा जॅझला दोन दशकांहून जास्त काळ सांभाळलं, दोनदा फायनलला नेलं. त्यांच्या वाट्याला हा पुरस्कार एकदाही नाही.

आणि एरिक स्पोल्स्ट्रा! मायामी हीटमध्ये १९९५ साली व्हिडिओ विभागात लागलेला पोरगा, २००८ मध्ये त्याच टीमचा हेड कोच झाला. दोन विजेतेपदं नावावर. तरी २०२५ पर्यंतच्या विजेत्यांत त्यांचं नाव नाही. स्टार खेळाडू असले की लोक म्हणतात, ‘एवढे दादा खेळाडू असल्यावर कोणीही जिंकेल.’ आणि दरवर्षी चांगलं काम केलं की त्याचं कुणाला अप्रूपच राहत नाही.

श्रेय नेमकं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेटनं ७३ मॅच जिंकल्या आणि स्टीव्ह कर यांना पुरस्कार मिळाला. पण पाठीच्या दुखण्यामुळे पहिल्या ४३ मॅच ते बेंचवर नव्हतेच. त्यातल्या ३९ सहायक कोच ल्यूक वॉल्टन यांच्या हाताखाली जिंकल्या, तरी नियमाप्रमाणे सगळे विजय कर यांच्या खात्यात जमा झाले. यावर बरीच चर्चा झाली. पण एका अर्थानं, कोच जागेवर नसतानाही टीम तशीच खेळते, हीच त्याच्या कामाची पावती नाही का?

कोच लोकांनी यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. २०१६-१७ पासून त्यांच्या संघटनेचा वेगळा पुरस्कार आहे. त्यात ३० टीमचे ३० हेड कोच मत देतात, स्वतःला सोडून. पहिल्याच वर्षी तो विभागून मिळाला आणि त्यातलं एक नाव होतं स्पोल्स्ट्रा. त्या सीझनमध्ये मायामीनं सुरुवातीच्या ४१ मॅचमध्ये फक्त ११ जिंकल्या होत्या. उरलेल्या ४१ मध्ये? ३०! शेवटी प्लेऑफ हुकलीच. पण रोज समोरच्या बेंचवर बसून हे बघणाऱ्यांना त्यामागची मेहनत दिसली होती.

*मग आपण काय बघायचं?*

एनबीएच्या मॅच आपल्याकडे भल्या सकाळी लागतात. पुढच्या वेळी डोळे चोळत बघायला बसाल, तेव्हा बॉलवरची नजर थोडी हटवा आणि या चार गोष्टी टिपा:

१. टाइमआउटनंतरचा पहिला डाव. खेळाडू दमलेले, गोंधळलेले असतात. त्या मिनिटभरात सांगितलेलं मैदानात उतरतंय का? टाइमआउटनंतर सहज, मोकळा शॉट मिळाला, तर समजा पाटीवर कोचनं रेखाटलेलं काम करून गेलं.

२. हरल्यानंतरची मॅच. २०१५ च्या फायनलमध्ये गोल्डन स्टेट १-२ नं मागे होती. चौथ्या मॅचला कर यांनी उंचापुऱ्या बोगटला बसवून आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून खेळवलं. पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि इग्वाडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही कल्पना कर यांची नव्हतीच, ती निक यूरेन या त्यांच्या तरुण सहायकाची. ज्युनिअरचं ऐकणं हाही कोचिंगचाच भाग.

३. बेंच. २०१३-१४ मध्ये सॅन अँटोनियोच्या ग्रेग पॉपोविच यांनी एकाही खेळाडूला सरासरी ३० मिनिटं खेळवलं नाही. मॅच असते ४८ मिनिटांची! तरी ६२ विजय, पुरस्कार आणि विजेतेपद, तिन्ही एकाच वर्षी. असा योग फार थोड्यांच्या नशिबी आला आहे.

४. खेळाडू सुधारतात का? २०२३ मध्ये आठव्या मानांकनाची मायामी फायनलला पोचली. त्या टीममधले स्ट्रस, व्हिन्सेंट, मार्टिन, रॉबिन्सन यांना ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं. कोणाच्याच यादीत नसलेली मुलं फायनल खेळतात, तेव्हा त्यामागे कुणीतरी बसून घडवलेलं असतं.

याचा अर्थ पुरस्कार फालतू आहे, असं नाही. तो ‘या वर्षी सगळ्यात मोठा धक्का कुणी दिला’ हे बरोबर सांगतो. ‘सगळ्यात मोठा कोच कोण’ हे मात्र त्याला विचारू नका. एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळालेला चेहरा सगळ्यांना आठवतो. तालमीत त्याच्याकडून ते करून घेणारा विंगेत उभा असतो. कोचचंही तसंच.

तर दोस्तहो, एक खेळ खेळा. एप्रिलमध्ये साखळी मॅच संपल्या की, प्लेऑफ सुरू व्हायच्या आत वहीत तीन कोचची नावं लिहा, ५-३-१ च्या क्रमानं. प्रत्येकासमोर कारण लिहा, पण एक अट: कारणात ‘किती मॅच जिंकल्या’ हे येता कामा नये. फायनल संपली की वही उघडा. तुमचा अंदाज चुकला तरी चालेल. ती कारणं शोधताना तुम्ही बास्केटबॉल वेगळ्या नजरेनं बघायला लागला असाल!