रक्तस्रावी हिरड्या : ऊतींतील घडामोडी आणि आपली जबाबदारी

चिंचोटी-कामण पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारे, महामार्गावरचे वाहनचालक आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरील रहिवासी हे आमचे नित्याचे रुग्ण. हिरड्यांतून रक्त येते ही तक्रार घेऊन यांपैकी क्वचितच कोणी येतो. ज्वर वा अम्लपित्ताचे औषध घेऊन झाल्यावर, जाता जाता, ‘एखादे तुरट मंजनही द्या’ एवढेच म्हटले जाते. औषधी दुकानांतही हीच मागणी असते. परंतु रक्त थांबणे आणि व्याधी थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद समजण्यासाठी हिरडीच्या ऊतींत काय घडते हे पाहणे आवश्यक आहे.

१९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या व्यक्तींना दंतधावन थांबवण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना शोथ आला. दंतधावन पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्याभरात तो शमला. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर हेच शोथाचे कारण, हे त्यातून स्पष्ट झाले.

पेज व श्रोडर यांनी १९७६ मध्ये या विकृतीच्या चार अवस्था वर्णिल्या. पहिल्या दोन-चार दिवसांत सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात आणि न्यूट्रोफिल पेशी दात व हिरडी यांमधील खाचेकडे धाव घेतात. या पेशी रक्षकच आहेत. ज्यांच्यात त्या जन्मतः सदोष असतात त्यांचे दात अल्पवयातच हलू लागतात. आठवड्याच्या सुमारास लिम्फोसाइट पेशी जमतात आणि त्या जागेतील कोलॅजेन तंतूंचा बराचसा भाग नष्ट होतो. दोन-तीन आठवड्यांनंतर प्लाझ्मा पेशींचे आधिक्य होते. खाचेचे आतील अस्तर पातळ व व्रणयुक्त झालेले असल्याने किंचित स्पर्शानेही रक्त येते.

येथपर्यंत सर्व काही पूर्ववत होऊ शकते. ही अवस्था कित्येक महिने, वर्षेही तशीच राहू शकते. काही रुग्णांत मात्र शोथ खोल उतरतो. पेशींनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे ऑस्टिओक्लास्ट या अस्थिभक्षक पेशी जागृत होतात, दाताभोवतीचे हाड झिजते आणि हिरडी दातापासून सुटून कप्पा तयार होतो. गेलेले हाड मंजनाने परत येत नाही.

सुश्रुताचार्यांनी दंतमूलगत व्याधी पंधरा सांगितले आहेत. अकस्मात रक्तस्राव, दुर्गंधी व हिरड्यांचा मृदुपणा हा शीताद. दाह, पाक आणि दात हलणे हा उपकुश. पूयरक्त येऊन दात चल होणे हा दंतवेष्ट. यांतील क्रम वरील अवस्थांशी ताडून पाहण्याजोगा आहे. चिकित्सेतही शीतादात प्रथम रक्तमोक्षण करून मगच शुंठी, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या क्वाथाचा रसांजनासह गंडूष सांगितला आहे. केवळ स्तंभन नव्हे. दंतशर्करा तर दंतमूलास इजा न करता काढून टाकावी, असा स्पष्ट आदेश आहे. दातावर दगडासारखा जमलेला हा थर कोणत्याही क्वाथाने निघत नाही. तो काढण्यासाठी रुग्णास दंतवैद्याकडे पाठवणे हे शास्त्रसंमतच होय.

आमच्या भागात मशेरीचा प्रश्न यात मिसळतो. दातदुखीवर उपाय म्हणून ती लावली जाते, क्षणिक बधिरता येते आणि सवय जडते. हिरड्या खाली सरकतात, मुखात पांढरे चट्टे येतात. धूम्रपान करणाऱ्यांत तर शोथ असूनही रक्तस्राव कमी दिसतो. म्हणजे रोग वाढतो आणि त्याची सूचना मात्र दडपली जाते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, हे औषध विक्रेत्यांनी ग्राहकास आवर्जून सांगावे.

मंजन देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. तंबाखू आहे काय? मधुमेह आहे काय? असल्यास शोथामुळे रक्तशर्करा आटोक्यात येणे कठीण होते आणि वाढलेल्या शर्करेमुळे शोथ बळावतो. रक्त पातळ करणारी, अपस्माराची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत काय? यांतील फेनिटॉइन, ॲम्लोडिपिन यांसारख्या औषधांनी हिरड्या फुगू शकतात. चौथे, दात हलतो काय, पू येतो काय? ताप, पांडुता वा अंगावर निळसर डाग सोबत असल्यास रक्ततपासणीस विलंब करू नये.

दात हलत नसल्यास मृदू ब्रशने दोन वेळा दंतधावन व त्रिफळा क्वाथाचा गंडूष सांगून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे. तरीही रक्त येत असल्यास मंजन बदलू नये. रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे. हाड शाबूत असेतोवरच त्या चिठ्ठीचा खरा उपयोग आहे.