जुन्या मोटारीची टकटक

मोटार उभी आहे, एंजिन मंदगतीनें चालूं आहे, आणि बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी बारीक टकटक सतत ऐकूं येत आहे. जुन्या अमेरिकन मोटारीच्या मालकाला हा अनुभव नवा नसतो. तो मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री झांकण काढून पाना चालवितो, टकटक थांबते आणि दोघेही समाधान पावतात. पुढें कांहीं महिन्यांनीं तीच मोटार चढावर दम टाकूं लागते, आणि एंजिन उघडल्यावर एक्झॉस्टची झडप कडेला जळालेली आढळते. ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं संबंध असूं शकेल, अशी शंकाही मालकाच्या मनाला सहसा शिवत नाहीं.

एंजिनाच्या प्रत्येक नळकांड्याला दोन झडपा असतात. एकींतून पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण आंत येतें, दुसरींतून जळलेला वायु बाहेर पडतो. कॅमशाफ्टवरील उंचवटा फिरतां फिरतां लिफ्टरला, म्हणजे कारखान्यांतील बोलींत टॅपेटला, वर ढकलतो. लिफ्टर पुश-रॉडला, पुश-रॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला रेटतो. ही सारी सांखळी धातूची. तापली म्हणजे वाढणारच. वाढीला जागा ठेविली नाहीं तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाहीं. म्हणून साध्या टॅपेटाच्या एंजिनांत इंचाच्या कांहीं सहस्रांशांची फट मुद्दाम ठेवितात. फट आली कीं आघात आला, आणि आघाताबरोबर टकटक आली.

श्रीमंतांच्या मोटारींत हा आवाज खपेना. १९३० सालच्या सोळा नळकांड्यांच्या कॅडिलॅकमध्यें ही फट तेलाच्या दाबानें भरून काढण्याची योजना होती. १९३३ सालीं पिअर्स-ॲरोनें तेल लिफ्टरच्या पोटांतच खेळविलें. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ही सोय यावयास बराच काळ लागला. शेव्हरोलेनें १९५५ सालीं २६५ घन इंचांचें आठ नळकांड्यांचें एंजिन काढलें, त्यांत पॉवरग्लाइड ह्या स्वयंचलित गिअरबरोबर तेलाचे लिफ्टर मिळत, आणि हातानें गिअर बदलणाऱ्याच्या वांट्याला साधे येत. ज्या शेव्हरोले मोटारी १९२८ पासून मुंबईंत शिवडीच्या कारखान्यांत जुळविल्या जात, त्यांच्याच कुळांतलें हें एंजिन. पण शिवडीचें काम १९५४ सालीं थांबलें, त्यामुळें तें तेथें कधीं जुळविलें गेलें नाहीं. पुढील सर्व विवेचन ह्या एंजिनाला धरून आहे. त्याच काळांतील कांहीं एंजिनांत, उदाहरणार्थ १९४९ च्या कॅडिलॅकमध्यें, फिरविण्याजोगा नटच नाहीं.

तेलाचा लिफ्टर म्हणजे एक पोकळ पोलादी पेला. त्यांत एक दट्ट्या तंतोतंत बसविलेला असतो. दट्ट्याखालीं हलकी स्प्रिंग असते, आणि त्याच्या बुडाच्या छिद्रावर तेलाला एकाच दिशेनें जाऊं देणारी चिमुकली चेंडूझडप असते. एंजिनाची मोठी झडप मिटलेली असतांना स्प्रिंग दट्ट्याला वर सारते, फट नाहींशी होते, आणि तेल दाबानें आंत शिरून खालची पोकळी भरतें. कॅमनें लिफ्टर उचलतांच चेंडू छिद्र बंद करतो. कोंडलेलें तेल दबत नाहीं, त्यामुळें लिफ्टर जणूं भरींव लोखंडाचा असल्याप्रमाणें भार पुढें नेतो. दट्ट्या आणि पेला यांमधील अतिसूक्ष्म जागेंतून थोडेंसें तेल निसटतें, आणि हें निसटणें हेतुपुरस्सर आहे. सांखळी वाढली तर तेवढ्यानें दट्ट्या किंचित् खालीं बसतो आणि झडपेला आपली बैठक मिळते. लिफ्टरचें मोल ह्या बैठकींत आहे. शांतता ही त्याबरोबर आयती येते.

आतां मिस्त्रीच्या पान्याकडे वळूं. दट्ट्या जळक्या तेलाच्या लुकणानें अडकला असेल, तर फट राहते आणि टकटक सुरू होते. आवाज थांबेपर्यंत नट आवळला कीं अडकलेला दट्ट्या तसाच दाबला जातो, कदाचित् तळालाही टेकतो. कानाला शांतता मिळते, पण लवचिक लिफ्टरचा आतां ठोकळा झालेला असतो. एंजिन तापल्यावर झडप केसभर उघडी राहते. एक्झॉस्टची झडप तांबडीलाल होईपर्यंत तापते, आणि तिची बहुतेक उष्णता बैठकीला टेकल्यावरच निघून जाते. टेकावयास न मिळालेली झडप जळते, ती अशी.

म्हणून पाना घेण्यापूर्वीं कान द्यावा. कॅमशाफ्ट एंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. एंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर एका लिफ्टरचे ठोके सेकंदाला पांच पडतात. त्याच्या दुप्पट गतीनें पडणारा जड ठोका दुसरीकडचा समजावा. थंडपणीं टिकटिक आणि तापल्यावर शांत, असें असेल तर एक्झॉस्टच्या सांध्यांतील गॅस्केट फुटलेलें असण्याचाही संभव असतो. रात्रभर उभ्या मोटारीनें सकाळीं चार-दोन सेकंद टकटक केली तर तिला बोल लावूं नये. उघड्या राहिलेल्या झडपांच्या स्प्रिंगांनीं कांहीं लिफ्टरांतलें तेल पिळून काढलेलें असतें, एवढेंच. तापल्यावर मंदगतींत वाजतो आणि वेग वाढवितांच गप्प बसतो, तो लिफ्टर झिजलेला असावा किंवा त्याच्या चेंडूखालीं कचरा असावा. उलट वेगांतच वाजणारे लिफ्टर बहुधा फेंसाळलेल्या तेलाची तक्रार करतात. तेल मर्यादेपेक्षां जास्त भरलें तर क्रँकशाफ्ट तें घुसळून त्याचा फेंस करतो, कमी असेल तर पंप हवा ओढतो. आणि हवा दबते. पातळी, दाब आणि तेलाचा ताजेपणा हीं तीन अगोदर पाहिलीं म्हणजे कित्येकदां झांकण काढावेंच लागत नाहीं.

तरीही नट लावावयाचेच झाले, तर तें काम एंजिन बंद ठेवून करावें. पहिल्या नळकांड्याचा पिस्टन दाबक्रियेच्या शेवटीं अगदीं वर आणावा. ह्या स्थितींत १, ३, ४, ८ ह्यांच्या एक्झॉस्ट आणि १, २, ५, ७ ह्यांच्या इन्टेक झडपा लावतां येतात. एंजिन एक फेरा पुढें फिरवून सहावें नळकांडें त्याच जागीं आणलें कीं राहिलेल्या आठ, म्हणजे २, ५, ६, ७ ह्यांच्या एक्झॉस्ट आणि ३, ४, ६, ८ ह्यांच्या इन्टेक. नट सैल करावा, पुश-रॉड दोन बोटांत धरून वर-खालीं हलवावा, आणि ती हालचाल नाहींशी होईपर्यंतच नट हळूहळू आवळावा. पुश-रॉड फिरेनासा होईपर्यंत आवळण्याची चाल आहे, पण ती फसवी. आंतील स्प्रिंग इतकी मऊ असते कीं दट्ट्या बराच दबला तरी पुश-रॉड बोटांत फिरतच राहतो. फट संपली तेथून नट एक पूर्ण फेरा द्यावा. आट्यांची संख्या इंचाला २४, म्हणून नट इंचाचा चोविसावा भाग उतरतो, आणि रॉकरच्या तरफेमुळें दट्ट्या त्याहून कांहींसा अधिक. तो आपल्या मार्गाच्या सुमारें मध्यावर येतो, आणि वाढ व झीज दोहोंना जागा राहते. नट आट्यांवर घट्टपणें चालला पाहिजे. हातानें फिरणारा नट बदलावा, नाहींतर आठवड्याभरांत आवाज परत येतो.

एवढ्यानेंही एखादा लिफ्टर वाजत राहिला तर तो काढून धुवावा. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या पेल्यांत घालूं नये आणि प्रत्येक लिफ्टर आपल्या जुन्याच घरांत परत जावा, कारण त्याचा तळ त्याच कॅमशीं घांसून जुळलेला असतो. तळ किंचित् फुगीर आणि कॅम किंचित् उतरता असल्यामुळें लिफ्टर चालतांना स्वतःभोंवतीं फिरतो. तळ खोलगट झालेला दिसला तर कॅमही गेला असें समजावें. नवा कॅम घातल्यास तेलाची निवड जपून करावी. नव्या मोटारींच्या धूरशोधक यंत्रणेला बाधा होऊं नये म्हणून अलीकडच्या बऱ्याच तेलांतून जस्त आणि फॉस्फरस यांचें संयुग कमी केलेलें आहे, आणि ह्या घांसत चालणाऱ्या लिफ्टरांना नेमका त्याचाच आधार असतो. पहिल्यांदा सुरू करतांच एंजिन मंद न ठेवतां वीस मिनिटें सुमारें २००० फेऱ्यांवर चालवावें. कॅमला तेल मिळतें तें क्रँकशाफ्टनें उडविलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंदगतींत ते शिंतोडे तेथपर्यंत पुरेसे पोंचत नाहींत.